थांबलेल्यांचं शिंजुकू

2003 सालच्या सुमाराला तोक्योच्या शिंजुकू स्थानकात मोठं बांधकाम चालू होतं. ओळखीचे जिने बंद झाले होते, वाटा वळवल्या होत्या, काल जिथून सरळ जाता येत होतं तिथे आज पत्रे उभे होते. अशा ठिकाणी गर्दीला वाट दाखवायला सुरक्षारक्षक नेमतात. त्यांतले एक होते सातो शुएत्सु. इकडून जा, तिकडे वळा, एवढंच दिवसभर सांगत राहायचं असं त्यांचं काम. पण सकाळच्या शिंजुकूत माणसाचा आवाज चार हातांपलीकडे पोचत नाही. तेव्हा सातोंनी खोकी बंद करायची चिकटपट्टी आणली, पट्टीला पट्टी जोडत पत्र्यावर भलीमोठी अक्षरं उभी केली, आणि मग कटरने त्या अक्षरांचे कोपरे कापून गोल केले.

हे कोपरे गोल करणं मला फार मोलाचं वाटतं. वाट कळायला चौकोनी अक्षरंही पुरली असती. पाटी तात्पुरती होती, काम संपलं की पत्र्याबरोबर निघून जाणार होती, आणि पाट्या करा असं त्यांना कुणी सांगितलेलंही नव्हतं. तरी त्यांनी प्रत्येक अक्षराला वळण दिलं. पुढे निप्पोरी स्थानकातही त्यांची अक्षरं दिसू लागली, अक्षररचनेच्या अभ्यासकांनी त्यांची दखल घेतली आणि त्या वळणाला त्यांचंच नाव मिळालं. घाईघाईने जाणाऱ्या लोकांसाठी एक माणूस भिंतीसमोर थांबून राहिला, आणि त्यातून ते अक्षर जन्माला आलं.

शिंजुकूबद्दल बोलताना लोक नेहमी आकड्यांपासून सुरुवात करतात. आकडे आहेतच तसे. दिवसाला पस्तीस लाखांच्या आसपास माणसांची ये-जा, जगातलं सर्वांत वर्दळीचं स्थानक म्हणून गिनेसच्या पुस्तकात नोंद, आणि भुयारी बाजारांची तोंडं धरली तर दोनशेहून अधिक दरवाजे. पाच रेल्वे कंपन्या इथे एकमेकींना खेटून आहेत. जेआर, केइओ, ओदाक्यू, तोक्यो मेट्रो आणि महानगर प्रशासनाची तोएई. शिवाय सेइबूचं शिंजुकू थोडं बाजूला, पाच-सात मिनिटं चालल्यावर. हे सगळं खरं आहे आणि त्याचा अचंबा मलाही वाटतो. पण इतकी वर्षं या स्थानकातून जाऊन-येऊन माझं मन जडलं ते इथे कधी ना कधी थांबलेल्या माणसांवर. ज्या जागेची सगळी बांधणी माणसाला चालतं ठेवण्यासाठी झाली आहे, तिथे थांबायला धीर लागतो. कधी नाइलाज लागतो.

मी तोक्योच्या पूर्वेला, ओजिमात राहते. इथल्या मोठ्या सरकारी वसाहतींत भारतीय कुटुंबं बरीच आहेत. लिफ्टमध्ये मराठी कानावर पडतं, शनिवारी कुणाच्या तरी घरून फोडणीचा वास येतो. आमची गाडी तोएई शिंजुकू लाइनची, ती आम्हाला थेट शिंजुकूच्या पोटात, जमिनीखाली पाचव्या मजल्यावर नेऊन सोडते. या लाइनच्या रुळांची एक गोष्ट आहे आणि ती कळल्यापासून मला माझा रोजचा प्रवास वेगळाच वाटू लागला.

दोन रुळांमधलं अंतर शिंजुकूत तीन प्रकारचं आहे. जेआर आणि ओदाक्यूचं 1067 मिलिमीटर. मारुनोउची आणि ओएदो या भुयारी लाइनींचं 1435. आणि केइओचं 1372, जे जगात फारसं कुठे आढळत नाही. तोक्योत पूर्वी घोड्यांची ट्राम होती, तिच्या रुळांचं हे माप. तेच पुढे विजेच्या ट्रामने उचललं, आणि 1915 साली शिंजुकूपर्यंत आलेल्या केइओनेही तेच धरलं, कारण केइओ सुरुवातीला रस्त्यावरून धावणाऱ्या ट्रामसारखीच होती. नंतर तोएईची भुयारी लाइन केइओला जोडायची ठरली तेव्हा तिलाही तेच माप घ्यावं लागलं. म्हणजे आज आम्ही ओजिमाहून दहा डब्यांच्या गाडीने येतो ती घोड्यांनी आखलेल्या रुंदीवरून. ते घोडे जाऊन सव्वाशे वर्षं होत आली.

केइओचं शिंजुकूतलं ठिकाणही असंच. तिचं शेवटचं स्थानक आधी रुळांच्या पूर्वेला होतं. गाडी कोशू काइदो रस्त्याच्या पुलावरून जेआरचे रूळ ओलांडून पलीकडे जायची. 1945च्या हवाई हल्ल्यांत विजेचं उपकेंद्र जळालं, दाब उतरला आणि गाड्यांना पुलाचा चढ चढवेना. जुलै 1945मध्ये केइओने आपलं स्थानक अलीकडे, पश्चिमेला आणलं. ते आजतागायत पश्चिमेलाच आहे. स्थानकाचा नकाशा पाहून लोक म्हणतात, हे असं गुंतागुंतीचं कुणी का बांधलं? कुणीच बांधलेलं नाही. एकेक अडचण, एकेक आग, एकेक तडजोड जिथल्या तिथे गोठत गेली, आणि आपण रोज तिच्यामधून वाट काढतो.

सुरुवात तर अगदी साधी होती. 1 मार्च 1885 रोजी निप्पोन तेत्सुदो या खासगी कंपनीने शिनागावा ते आकाबाने अशी लाइन टाकली आणि तिच्यावर शिंजुकू हे एक स्थानक ठेवलं. त्याआधी, 1698पासून, मधली काही दशकं सोडली तर, नाइतो शिंजुकू हे कोशू काइदोवरचं मुक्कामाचं गाव होतं. एदोहून, म्हणजे तेव्हाच्या तोक्योहून, पश्चिमेच्या डोंगराळ मुलुखाकडे निघालेला वाटसरू पहिला मुक्काम इथे करायचा. घोडे बदलायचे, जेवायचं, रात्र काढायची. रेल्वेचं स्थानक त्या वस्तीच्याही बाहेर, शेताडीत होतं. सुरुवातीला दिवसाला पन्नासेक प्रवासी यायचे असं सांगतात. शहर इथवर आलं ते मुख्यतः 1 सप्टेंबर 1923च्या महाभूकंपानंतर. पूर्वेकडची दाट, सखल वस्ती जळून गेली, माणसं पश्चिमेच्या टणक जमिनीकडे सरकली आणि त्यांना कामावर नेणाऱ्या गाड्या शिंजुकूत एकत्र येऊ लागल्या. ओदाक्यू आली 1927 साली. आमच्या बाजूचे, पूर्वेकडचे भाग त्या आगीत सर्वाधिक होरपळले, ही गोष्ट मला आमच्या लाइनवरून पश्चिमेकडे जाताना पुष्कळदा आठवते.

आता पश्चिमेकडच्या चौकाबद्दल. मला खरं तर त्याच्याबद्दलच सांगायचं आहे.

पश्चिमेला 1898पासून योदोबाशीचं जलशुद्धीकरण केंद्र होतं, तोक्योला पिण्याचं पाणी पुरवणारं. ते 1965 साली बंद झालं आणि त्या जमिनीवर पुढे गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या. तिथले काही रस्ते एका पातळीवर आणि त्यांना छेदणारे रस्ते दुसऱ्या पातळीवर असतात, नवख्या माणसाला ते कोडं वाटतं. पाण्याच्या हौदांचे तळ आणि त्यांचे काठ यांच्यातला तो फरक आहे. या नव्या भागाचं दार म्हणून 1966मध्ये स्थानकाचा पश्चिम चौक तयार झाला. वास्तुरचनाकार साकाकुरा जुंझो, जे तरुणपणी पॅरिसला ल कॉर्ब्युझिएंच्या हाताखाली काम करून आले होते. त्यांनी चौक दोन मजली केला. मध्यभागी मोठा खड्डा उघडा ठेवला, म्हणजे खालच्या मजल्याला आकाश दिसेल आणि गाड्यांचा धूर वर निघून जाईल. मोटारी त्याच्या कडेने गोल उतारावरून खाली-वर जातात. खालचा मजला माणसांचा होता. छताखालचा, ऐसपैस, पाऊस-थंडीपासून राखलेला.

आणि माणसं तिथे थांबली. 1969च्या सुरुवातीपासून शनिवारी संध्याकाळी काही तरुण मुलंमुली गिटार घेऊन तिथे उभी राहू लागली. व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होतं, आणि ते शिंजुकूपासून दूर नव्हतं. 8 ऑगस्ट 1967च्या पहाटे याच स्थानकात अमेरिकी विमानांचं इंधन ताचिकावाच्या तळाकडे नेणाऱ्या मालगाडीला दुसऱ्या मालगाडीची धडक बसून आगडोंब उसळला होता. लोकांच्या रोजच्या फलाटांमधून युद्धाचं तेल वाहत होतं हे त्या ज्वाळांत सगळ्यांना दिसलं. पुढच्या वर्षी, 21 ऑक्टोबर 1968च्या युद्धविरोधी दिनाला जमाव रुळांवर उतरला, दंगल झाली. त्या पार्श्वभूमीवर ही मुलं गाणी म्हणत होती. आधी थोडी, मग शेकडो, मग हजारो. कामावरून परतणारे लोक थांबून ऐकायचे. ठिकठिकाणी घोळके होऊन वाद व्हायचे. नोकरदार, विद्यार्थी, म्हातारे, एकमेकांना न ओळखणारे लोक युद्धाबद्दल, सरकारबद्दल, जगण्याबद्दल बोलत राहायचे. त्या काळची छायाचित्रं पाहताना माझं लक्ष गाणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे जातं. बगलेत ब्रीफकेस, गळ्यात टाय, आणि घरी जायचं विसरून ते कुणाचं तरी म्हणणं ऐकून घेताहेत.

जूनच्या अखेरीला पोलिसांनी अश्रुधूर सोडला. जुलैमध्ये एक दिवस पाट्या बदललेल्या दिसल्या. जिथे 'पश्चिम दरवाजा भुयारी चौक' असं लिहिलेलं होतं, तिथे आता 'पश्चिम दरवाजा भुयारी मार्ग' असं होतं. जमीन तीच, छत तेच, खांबही तेच. पण चौकात माणूस उभा राहू शकतो. मार्गात उभा राहिला की तो रहदारीला अडथळा ठरतो, आणि त्याला हटवता येतं. पोलिस सांगू लागले, इथे थांबू नका, चालत राहा. महिन्याभरात गाणी बंद झाली. इतक्या थोड्या श्रमात इतकं मोठं काहीतरी काढून घेतलं गेल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही, आणि त्याचा मला आजही राग येतो. त्या मुलांनी युद्ध थांबवलं असतं असं नाही. पण कामावरून घरी जाणाऱ्या माणसाला वाटेत अनोळखी माणसाशी बोलायला एक जागा होती, आणि ती नाहीशी झाली.

त्याच वर्षी त्या भुयाराच्या एका भिंतीवर शिल्पकार मियाशिता योशिको यांनी घडवलेला एक प्रचंड डोळा बसवला गेला. आतून उजळणारा, काचेसारख्या ॲक्रिलिकचा, दहा मीटर रुंद. 'शिंजुकूचा डोळा' म्हणून तो ओळखला जातो. पंचवीस वर्षांनी त्याच डोळ्याच्या परिसरात पुठ्ठ्यांची वस्ती उभी राहिली. जपानच्या भरभराटीचा फुगा फुटला होता, रोजंदारीवरच्या मजुरांना काम उरलं नव्हतं, घर गेलेली माणसं भुयाराच्या कोरड्या, उबदार जमिनीवर येऊन राहिली. ज्यांनी हे मनोरे बांधायला हात लावले होते त्यांच्यापैकीही कितीतरी जण त्यांत असणार. 1991मध्ये महानगर प्रशासनाचं मुख्यालय पश्चिमेला आलं होतं आणि तिकडे जाणाऱ्या भुयारात सरकता पट्टा बसवायचा होता. जानेवारी 1996मध्ये तिथली पुठ्ठ्याची घरं पोलिसबळ आणून हटवली गेली. लोक थोडं सरकून डोळ्याजवळ येऊन राहिले.

याच वस्तीत ताके जुनइचिरो आणि त्यांचे दोन-तीन चित्रकार मित्र आले. त्यांनी राहणाऱ्यांची परवानगी मागून पुठ्ठ्यांच्या भिंती रंगवायला घेतल्या. एकेक घर रंगत गेलं. त्यांतल्या एका घरावर त्यांनी मोठा डोळा काढला आणि त्याला 'शिंजुकूचा डावा डोळा' म्हटलं. भिंतीवरच्या डोळ्याला जोडीदार मिळाला, आणि तो बेघरांच्या बाजूने पाहत होता. रोज लाखो माणसं त्या दोन डोळ्यांमधून गेली असतील. 7 फेब्रुवारी 1998च्या पहाटे वस्तीला आग लागली, चार माणसं गेली. आठवड्याभरात उरलेल्यांनी जागा सोडली आणि चित्रं त्याबरोबर संपली. आता काही भिंतींच्या कडेला तिरक्या कापलेल्या खांबांसारख्या वस्तू रांगेने बसवलेल्या आहेत. त्यांना कलाकृती म्हणतात. तिथे आडवं होता येऊ नये एवढंच त्यांचं काम आहे, हे तिथून जाणाऱ्या कुणालाही कळतं.

थांबणं नेहमी इतकं दुःखाचं नसे. जुन्या जपानी स्थानकांत फळा असायचा, निरोप लिहायला. 'सातपर्यंत वाट पाहिली, पुढे गेलो' असं खडूने लिहायचं, काही तासांनी कर्मचारी पुसून टाकायचे. शिंजुकूचा फळा तर होजो त्सुकासा यांच्या 'सिटी हंटर' या चित्रकथेमुळे घराघरांत माहीत झाला. त्यातला नायक त्या फळ्यावर 'एक्सवायझेड' लिहिलेलं दिसलं की संकटातल्या माणसाच्या मदतीला जायचा. मोबाइल आले आणि फळे गेले. पूर्वेकडच्या आल्ता इमारतीवरचा 1980 सालचा मोठा पडदा ही नंतरच्या पिढ्यांची भेटायची खूण. त्या इमारतीतली दुकानंही फेब्रुवारी 2025मध्ये बंद झाली.

पूर्वेच्या दरवाज्यातून बाहेर पडून दोन-तीन मिनिटं चाललं की नाकामुराया लागतं. 1909पासून याच ठिकाणी असलेली ही बेकरी, आता आठ मजली इमारत. आम्हा भारतीयांना इथे थांबल्याशिवाय जाववत नाही. 1915च्या शेवटी रासबिहारी बोस इथे लपले होते. दिल्लीत लॉर्ड हार्डिंजवर बॉम्ब टाकण्याच्या कटात इंग्रज त्यांच्या मागावर होते, ते टागोरांचे नातलग असल्याचं सांगून जपानला निसटले, आणि इंग्रजांच्या दबावाखाली जपान सरकारने त्यांना देश सोडायला सांगितलं. बेकरीचे मालक सोमा आइझो आणि त्यांची पत्नी कोक्को यांनी त्यांना दुकानामागच्या चित्रशाळेत ठेवून घेतलं. काही महिने. बाहेर पोलिस, आत पावाच्या भट्टीचा वास, आणि एक परका माणूस जो घरातल्या कुणाचीच भाषा धड बोलू शकत नव्हता. 1918 साली सोमांची मुलगी तोशिको हिने रासबिहारींशी लग्न केलं. त्यांना सतत ठिकाणं बदलावी लागत. तोशिको 1925मध्ये गेली. दोन वर्षांनी, ज्या वर्षी ओदाक्यूची पहिली गाडी शिंजुकूहून निघाली त्याच वर्षी, नाकामुरायाने उपाहारगृह काढलं आणि रासबिहारींच्या आग्रहाने तिथे भारतीय पद्धतीची कोंबडीची आमटी मिळू लागली. हाडासकट कोंबडी, मैदा न घालता, मसाले नीट परतून. जपानमध्ये तोवर इंग्रजांनी आणलेली करी खात असत, आणि रासबिहारींना ती आपली वाटत नव्हती. आजही ती आमटी तिथे मिळते. माझे आईवडील तोक्योला आले तेव्हा मी त्यांना तिथे नेलं होतं. बाबांनी पहिला घास घेऊन चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "अगं, हा माणूस परत घरी गेलाच नाही ना?" गेले नाहीत. जानेवारी 1945मध्ये तोक्योतच त्यांनी डोळे मिटले. स्वातंत्र्य अडीच वर्षांवर होतं.

नाइतो शिंजुकू हे मुक्कामाचं गाव होतं हे मी मघाशी म्हटलं. सोमा दांपत्याने जे केलं ते मला त्या जुन्या गावाच्या रीतीला धरून वाटतं. आलेल्याला ठेवून घेणं.

कोरोनाच्या काळात हे स्थानक रिकामं झालं होतं. 2019 साली जेआरच्या गाड्यांत इथे रोज पावणेआठ लाखांच्या आसपास माणसं चढत होती, 2020 साली तो आकडा पावणेपाच लाखांवर आला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये पूर्व आणि पश्चिम यांना जोडणारा, तिकिटाशिवाय चालता येणारा नवा रस्ता खुला झाला. किती दशकं लोक त्याची वाट पाहत होते! एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जायचं तर आधी वळसा पडायचा किंवा तिकीट काढावं लागायचं. तो उघडला तेव्हा चालायला माणसंच थोडी होती, पण गर्दी परतली आणि आता त्या रस्त्याशिवाय शिंजुकूची कल्पना करता येत नाही. चालणं सोपं व्हावं याला माझा विरोध कसा असेल? आंधळ्या माणसाच्या काठीला वाट दाखवणाऱ्या पिवळ्या फरशा, 1989मध्ये कर्कश घंटा काढून फलाटांवर आणलेल्या छोट्या सुरावटी, रंग आणि अक्षर-आकड्यांनी ओळखू येणाऱ्या लाइनी, हे सगळं कुणीतरी दुसऱ्याच्या पायांचा विचार करून केलेलं आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता पश्चिमेची बाजू पुन्हा पाडली जाते आहे. ओदाक्यूच्या भांडाराची जुनी इमारत ऑक्टोबर 2022मध्ये बंद झाली. तिच्या जागी 48 मजल्यांचा, 260 मीटर उंचीचा मनोरा 2029च्या आर्थिक वर्षात पुरा व्हायचा आहे. स्थानकासमोरच्या मोकळ्या जागा मोटारींकडून काढून पायी चालणाऱ्यांना द्यायच्या, असं नव्या आराखड्याचं धोरण आहे. साकाकुरांचे गोल उतार त्यात उरणार नाहीत असं दिसतं, आणि त्याची मला हळहळ वाटते. पण माणसांना जागा मिळणार असेल तर मी ती सोसेन. माझी मागणी एवढीच आहे की पायी चालणाऱ्यांबरोबर पायी थांबणाऱ्यांचाही हिशेब धरावा. पाठ टेकता येईल असे बाक हवेत, मध्ये लोखंडी दांडे नसलेले, म्हणजे शेवटची गाडी चुकलेल्याला पहाटे साडेचारपर्यंत त्यांवर आडवं होता येईल. प्यायच्या पाण्याचा नळ हवा. ज्याला घर नाही त्याला रात्री कुठे जायचं हे सांगणारा, आणि तिथवर सोबत नेणारा माणूस त्या चौकात पगारावर हवा. शनिवारी संध्याकाळी कुणी गिटार घेऊन उभा राहिला तर त्याच्याभोवती लोकांना गोळा होता आलं पाहिजे. आणि भिंतीवर चौक असं लिहिलेलं असलं पाहिजे, पोलिसांच्या नियमावलीतही तोच शब्द हवा.